सर्व धर्म सारखेच, तर मग एकवीस वर्षांचा अभ्यास कशासाठी?

'सर्व धर्मांची शिकवण एकच, फक्त मार्ग वेगळे' हे वाक्य शाळेच्या परिपाठापासून पुढाऱ्यांच्या भाषणांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. ऐकायला ते गोड आहे आणि ते म्हणणाऱ्यांचा हेतूही पुष्कळदा चांगला असतो. परंतु आंबेडकरी समाजाने ते डोळे मिटून स्वीकारावे काय, हा आमचा प्रश्न आहे. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. मध्ये 21 वर्षे गेली. सर्व धर्म सारखेच असते तर येवल्याच्या दुसऱ्याच दिवशी कोणताही एक धर्म घेऊन मोकळे होता आले असते. बाबासाहेब थांबले, कारण धर्माधर्मांत मूलभूत फरक आहे आणि तो पारखून घ्यावा लागतो, हे ते जाणत होते.

आम्हा वकिलांना एक सवय असते. जो प्रश्न एका साक्षीदाराला, तोच दुसऱ्याला विचारायचा आणि उत्तरे शेजारी ठेवून पाहायची. धर्मांनाही तीन प्रश्न विचारू या. विश्वाचा कर्ता कोण? माणसाची सुटका कोण करणार? आणि माणूस माणसाच्या बरोबरीचा आहे काय?

ज्यू धर्म सांगतो, ईश्वर एकच आहे, त्यानेच जग निर्माण केले आणि इस्रायलच्या लोकांशी करार केला. 'तोरा' हा त्यांचा नियमग्रंथ. इजिप्तच्या गुलामगिरीतून झालेली सुटका ही त्यांच्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी आहे. आठवड्यातून एक दिवस विश्रांती, तीही घरच्या नोकराला आणि जनावरालासुद्धा, ही त्यांची आज्ञा. आपल्या कोकणातले बेने इस्रायली तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत.

ख्रिस्ती धर्मही एकाच ईश्वराला कर्ता मानतो, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा त्रैक्यात. माणूस मुळातच पापाच्या बंधनात आहे, येशू हा देवाचा पुत्र त्या पापासाठी वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, त्याच्यावरील विश्वासाने तारण होते, ही त्याची शिकवण. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करणे, हा त्याचा आचार.

इस्लाम म्हणतो, अल्लाहशिवाय दुसरा ईश्वर नाही आणि मुहंमद हे त्याचे अखेरचे प्रेषित आहेत. ही साक्ष, पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, जकात आणि ऐपत असेल तर आयुष्यात एकदा हज, असे त्याचे पाच आधारस्तंभ. कयामतच्या दिवशी प्रत्येकाच्या कर्माचा हिशेब होणार. नमाजाच्या रांगेत मालक आणि मजूर खांद्याला खांदा लावून उभे राहतात, ही त्याची मोठी ताकद.

शीख धर्म गुरू नानकांपासून सुरू होतो. निराकार असा एकच ईश्वर, नामस्मरण, कष्टाची कमाई आणि ती वाटून खाणे, ही त्याची शिकवण. लंगरात सर्वांनी एका पंगतीत जेवायचे. गुरू ग्रंथसाहिबात आपले नामदेव, कबीर आणि संत रविदास यांची वाणी आहे. बाबासाहेबांनी 1936 साली या धर्माचा गांभीर्याने विचार केला होता.

हिंदू धर्माला एक संस्थापक नाही, एक ग्रंथ नाही. कोणी एक ब्रह्म मानतो, कोणी अनेक देव. सांख्य आणि पूर्वमीमांसा या दर्शनांनी तर जगत्कर्त्या ईश्वराची गरजच मानली नाही. परंतु वेदांचे प्रामाण्य, अमर आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म हे सूत्र बहुतेक ठिकाणी सापडते. आमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात आहे. ब्राह्मण मुखातून आणि शूद्र पायांतून. पुढे मनुस्मृतीने याच उतरंडीचा कायदा केला आणि 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला तिचे दहन झाले.

जैन धर्म वेद नाकारतो, जगाचा निर्माता नाकारतो आणि अहिंसेला सर्वोच्च स्थान देतो. इथपर्यंत तो आपल्याला जवळचा वाटतो. पण प्रत्येक जीवात शाश्वत आत्मा आहे आणि कर्माचे सूक्ष्म कण त्याला चिकटतात, ते तपश्चर्येने झाडायचे असतात, असे तो मानतो.

आता तथागताचे उत्तर पाहा. विश्वाचा कर्ता कोणी नाही, जे घडते ते कारणाने घडते. अमर आत्मा नाही. सुटका कोणी दुसरा करणार नाही. 1950 साली 'महाबोधी' मासिकात लिहिलेल्या लेखात बाबासाहेबांनी बुद्ध, येशू, मुहंमद आणि कृष्ण यांची तुलना केली आहे. येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटले, मुहंमदांनी अखेरचे प्रेषित म्हटले, कृष्णाने स्वतःलाच परमेश्वर म्हटले. बुद्धाने मात्र माणसापलीकडे कोणतेही स्थान मागितले नाही. तो मोक्षदाता नव्हे, मार्गदाता आहे. मागच्या जन्माचे पाप म्हणून आजची गरिबी सोसा, ही शिकवण बुद्धाची असूच शकत नाही, असे बाबासाहेबांनी ठामपणे मांडले. प्रज्ञा, करुणा आणि समता ही त्यांना धम्मात सापडलेली तीन तत्त्वे.

मग मार्ग वेगळे आणि ठिकाण एकच, असे कसे म्हणता येईल? एक म्हणतो ईश्वराला शरण जा, दुसरा म्हणतो आत्मा शुद्ध कर, आणि तथागत म्हणतात, ईश्वर आणि आत्मा दोन्ही शोधत बसू नकोस, माणसाशी नीट वाग.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. 1954 च्या शिरूर मठ खटल्यात धर्म म्हणजे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ईश्वर असलाच पाहिजे, ही अट न्यायालयाने मान्य केली नाही आणि त्यासाठी दाखला दिला तो बौद्ध आणि जैन धर्मांचा. संविधानाच्या अनुच्छेद 25 मधील दुसऱ्या स्पष्टीकरणात हिंदू या शब्दात शीख, जैन आणि बौद्ध धरले आहेत. परंतु ते सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्वांना खुल्या करण्याच्या संदर्भात. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही आपण येतो. कायद्याने काही कामापुरते एका छत्राखाली घेतले, म्हणून श्रद्धा एक होत नाही. आपल्याच तरुणांना हे सांगता येत नाही, म्हणून कोणीही उठतो आणि बुद्ध विष्णूचा नववा अवतार असल्याचे त्यांच्या गळी उतरवतो. बावीस प्रतिज्ञांतील पाचवी प्रतिज्ञा नेमकी याच खोट्या प्रचाराविरुद्ध आहे.

आपल्या वस्त्यांतले श्रद्धांजलीचे फलक वाचा. 'कालकथित' असे लिहिलेले असते आणि खाली 'मृतात्म्यास चिरशांती लाभो'. पुण्यानुमोदनाला भन्तेजी अनित्यतेवर प्रवचन देतात आणि मंडपाबाहेर आत्म्याला शांती मागितली जाते. बुद्धमूर्तीपुढे परीक्षेच्या निकालासाठी नवस बोलणारेही आहेत. नवस मोक्षदात्याला करायचा असतो. ज्याला इतर धर्म काय मानतात हे ठाऊक नाही, त्याला आपल्या घरात कोणाची श्रद्धा शिरली हेही कळत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. फरक सांगणे म्हणजे द्वेष करणे नव्हे. आज मुस्लिम आणि ख्रिस्ती बांधवांविषयी मोबाईलवर जे विष फिरते, ते आपली मुलेही पुढे पाठवतात. ज्याने कुराणाचे किंवा बायबलचे एक पानही वाचलेले नाही, त्याने त्यावर निकाल देऊ नये. भारतात चर्चमध्ये आणि मोहल्ल्यातही जात शिरली, हे खरे आहे. पण बाबासाहेबांनीच दाखवून दिले की, तिथल्या जातीला धर्माची मान्यता नाही, हिंदू धर्मात मात्र ती आहे. असा बारीक भेद करायला अभ्यास लागतो. आणि आपल्यालाही हेच माप लावले पाहिजे. थेरवाद, महायान, वज्रयान यांत काय फरक आहे आणि बौद्ध म्हणवणाऱ्या देशांत समता किती आहे, हेही विचारले पाहिजे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन होते. त्याच काळात दर रविवारी एक तास एका धर्मासाठी द्यावा. शक्य असेल तिथे त्या धर्माच्या जाणकाराला आदराने बोलवावे, त्याच्या तोंडून त्याचा धर्म ऐकावा आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा ग्रंथाचा दाखला एवढ्यावर विसंबू नका, असे सांगितले होते. आपल्या मुलांनी धम्मसुद्धा वारसा म्हणून नव्हे, पारखून घ्यावा. बाबासाहेबांनी 21 वर्षे दिली. आपण निदान तीन महिन्यांचे रविवार तरी द्यावेत.

जयभीम!