गंज मोजून गाई फळवा

माणदेशांत खिलार गाई मुख्यतः दुधासाठीं नव्हे, तर खोंडांसाठीं पाळल्या जातात. वासरूं आईच्या दुधावर वाढतें व तेंच मालकाचें उत्पन्न. असें असतां गाय केव्हां फळवावी आणि वैरण कोणत्या महिन्यासाठीं राखावी, या दोन गोष्टींचा एकत्र विचार बहुधा होत नाहीं. आमच्या मतें पुष्कळ हानीचें मूळ येथेंच आहे.

वळू वर्षभर मोकळा असला म्हणजे गाई बारा महिने वितात. चैत्र-वैशाखांत व्यालेल्या गाईस हिरवी काडी मिळत नाहीं. दूध आटतें, वासरूं खुरटतें आणि झिजलेली गाय कित्येक महिने माजावर येत नाहीं. कांहीं मित्र म्हणतात, वासरूं पदरीं पडलें म्हणजे झालें. परंतु तें बाजारांत उभें राहीपर्यंत वाढलेंही पाहिजे.

गाय सुमारें २८५ दिवसांनीं विते. दसऱ्यापासून ९ आठवडे वळू कळपांत ठेवला, तर गाई आषाढअखेर ते भाद्रपदअखेर वितील. त्या सुमारास पावसाळी चाऱ्यानें गाईंनीं अंग धरलेलें असतें. माज २१ दिवसांनीं फिरून येतो, म्हणून या मुदतींत तीन संधी मिळतात. एक जाणता वळू २५ ते ३० गाईंस पुरतो. त्याच्या कालवडी वयांत येण्यापूर्वीं तो बदलावा. दोन-चार गाईंच्या धन्यांनीं मिळून एक वळू ठेवावा.

हिवाळ्यांत बाजरीचें सरमाड एकटें निकस ठरतें; त्यांत हुलगा-मटकीचा भुसा अगर थोडी पेंड मिसळावी. सेंद्रिय शेती करणारांस युरिया लावून वैरण सुधारण्याचा मार्ग मोकळा नाहीं. त्यांनीं कडधान्यांचा भुसा विशेष जपावा. सहा महिन्यांचीं झालेलीं वासरें माघ-फाल्गुनांत तोडावीं, म्हणजे उन्हाळ्यापूर्वीं गाय सांवरते. गर्भाची वाढ शेवटच्या तीन महिन्यांत सर्वांत अधिक होते, आणि ते महिने येतात वैशाख, ज्येष्ठ व आषाढ.

रब्बी ज्वारीचा कडबा मात्र फाल्गुनांतच स्वस्त विकला जातो व वैशाखांत चढ्या भावानें विकत घ्यावा लागतो. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते, गंजीची होत नाहीं; ती शेतकऱ्यानें स्वतः ठेवावयाची. ३५० किलो वजनाच्या गाईस रोज ७ किलो कोरडी वैरण धरली, तर १०० दिवसांस ७०० किलो, म्हणजे दहा गाईंस ७ टन. बैलांचा व वळूचा हिशेब निराळा. इतकी वैरण राखून उरेल तेवढीच विकावी. आणि मागील उन्हाळ्यांत गंज जितक्या गाईंस पुरली, तितक्याच दसऱ्यास फळवाव्या.

वैरण अपुरी पडली म्हणजे गाई कृश व निकामी होतात, म्हणून लोक अधिक जनावरें ठेवतात आणि वैरण आणखीच अपुरी पडते, हें चक्र १९२८ सालीं शाही शेतकी कमिशनच्या अहवालानें दाखविलें होतें. २०१२-१३ व २०१८-१९ च्या दुष्काळांत माणदेशाच्या छावण्यांनीं त्याचीच साक्ष दिली. छावणी केव्हां उघडेल हें आपल्या हातीं नाहीं. कडबा राखणें आहे. सभासदांनीं येत्या फाल्गुनांत व्यापाऱ्याशीं भाव ठरविण्यापूर्वीं आपल्या गाभण गाई मोजाव्या, अशी आमची विनंती आहे.