दोष रक्ताचा की माणसाचा?

इटलीतील त्रिएस्ते येथील अपील न्यायालयाने २००९ साली एका खुन्याची शिक्षा एका वर्षाने कमी केली. हा इसम मूळचा अल्जीरियाचा. २००७ मध्ये त्याने एकाला भोसकून ठार मारले होते. त्याचा मानसिक आजार ध्यानी घेऊन खालच्या न्यायालयाने आधीच सौम्य, म्हणजे नऊ वर्षे दोन महिन्यांची शिक्षा दिली होती. अपिलात तज्ज्ञांनी त्याच्या जनुकांची तपासणी केली आणि त्यांपैकी काही जनुके माणसाला डिवचले असता हिंसेकडे झुकवणारी आहेत, असे मत नोंदवले. न्यायाधीशांनी ते ग्राह्य धरले. सूट एका वर्षाचीच होती. परंतु जन्माबरोबर आलेल्या स्वभावाचा जाब माणसाला विचारता येतो काय, हा जुना वाद तिने न्यायालयाच्या दारात पुन्हा उभा केला.

ज्या जनुकाचा त्या निकालात विशेष बोलबाला झाला, ते मोनोअमाइन ऑक्सिडेज-ए नावाच्या विकराशी निगडित आहे. मेंदूतील काही रसायनांचा निचरा करणे हे या विकराचे काम. ते मंद चालवणारा जनुकाचा प्रकार युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे एक-तृतीयांशांच्या अंगी असतो. म्हणजे तीन पुरुषांतील एक! तीनांतील एक पुरुष सुरा घेऊन हिंडत नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको. न्यूझीलंडमधील डुनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा संशोधकांनी वर्षानुवर्षे मागोवा घेतला. त्यांपैकी मुलग्यांविषयीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. हा जनुकप्रकार असूनही ज्यांचे बालपण छळावाचून गेले, त्यांच्यात समाजविघातक वर्तन अधिक आढळले नाही. ज्यांचा छळ झाला होता, त्यांच्यात मात्र ते ठळकपणे आढळले. पुढच्या काही पाहण्यांत हा संबंध तितका स्पष्ट दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे. तात्पर्य, शास्त्र जिथे ‘कल’ म्हणते, तिथे वकील ‘सक्ती’ असे वाचतात.

तरीही कल असतोच, हे नाकारण्यात अर्थ नाही. एकाला राग चटकन येतो, दुसऱ्याला येतच नाही. आणि यात पहिल्याचा अपराध नाही, तसे दुसऱ्याचे कर्तृत्वही नाही. मानवी अनुभवाला ही गोष्ट नवी नव्हे. इच्छा नसतानाही, कोणी बळेच जुंपल्यासारखा माणूस पाप का करतो, असा प्रश्न अर्जुनाने गीतेच्या तिसऱ्या अध्यायात विचारलाच आहे. श्रीकृष्णांनी काम आणि क्रोध यांकडे बोट दाखवले. परंतु तेवढ्यावर त्याची सुटका केली नाही. त्या शत्रूचा नाश करण्याचे काम अर्जुनावरच सोपवले. प्रवृत्ती कोठून आली हा एक प्रश्न आणि तिचे माणसाने काय केले हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लागू होत नाही.

याचा पडताळा घ्यायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. वर्गात पोरांवर छडी उगारणारा शीघ्रकोपी मास्तर शिक्षणाधिकारी तपासणीला आले की कमालीचा शांत होतो. घरी ताट भिरकावणारा कारकून साहेबांची बोलणी मान खाली घालून ऐकतो. प्रकृती तीच, रक्तही तेच. पण राग कोठे आवरायचा आणि कोणावर काढायचा, याचा हिशेब चोख असतो. फेफऱ्याचा आजार असलेल्या माणसाला झटक्याबद्दल कोणी दोष देणार नाही. मात्र झटके येतात हे ठाऊक असून तो मोटार हाकायला बसला आणि कोणी चिरडले गेले, तर दोष देईलच. ज्याला आपला स्वभाव कळतो, त्याच्यावर तो सांभाळण्याची जबाबदारी कमी नव्हे, अधिक येते.

जन्मजात प्रवृत्तीचा युक्तिवाद दुधारी आहे, आणि त्याची दुसरी धार महाराष्ट्राने सोसली आहे. जो जन्मतःच हिंसक म्हणून कमी दोषी, तो जन्मतःच हिंसक म्हणून कायमचा डांबून ठेवण्याजोगाही ठरतो. १८७१ सालचा गुन्हेगार जमाती कायदा याच गृहीतावर उभा होता: सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर. ‘खाण तशी माती’ या म्हणीला सरकारी शिक्का मिळाला. एखादी जमात गुन्हेगार असल्याचे सरकारने जाहीर केले की न्यायालयात दाद नव्हती. तिच्या माणसांनी नावे नोंदवावी, हजेरी द्यावी, परवान्यावाचून गाव सोडू नये. पुढे कायद्याची व्याप्ती वाढत गेली आणि कैकाडी, पारधी, टकारी अशा जमातींची माणसे सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड राहून गिरण्यांत राबू लागली. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून सुधारगृहवजा वसाहतींत ठेवण्याची मुभा दिली. गुन्हेगारी जर रक्तातच होती, तर मुले तोडून काय सुधारणार होते? या विसंगतीची कायदा करणाऱ्यांना खंत वाटली नाही.

हा कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का मात्र पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १९८७ मध्ये आले. ज्या जमातीची ती कथा आहे, तिचे नावच चोरीवरून पडलेले!

भारतीय फौजदारी कायद्याने माणसाच्या दायित्वाची कसोटी जन्मावर ठेवलेली नाही, ही समाधानाची गोष्ट होय. दंडसंहितेचे ८४ वे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २२ वे कलम झाले. आशय तोच राहिला. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे आपण काय करतो, ते अयोग्य वा बेकायदा आहे, हे जाणण्यास माणूस असमर्थ होता काय, एवढेच ते विचारते. आवेग अनावर होता, ही सबब तिथे चालत नाही. शिक्षा किती द्यावी हा विचार मात्र वेगळा, आणि तिथे माणसाची सारी कहाणी ऐकली गेलीच पाहिजे. फाशीच्या खटल्यांत आरोपीची मानसिक तपासणी व्हावी, त्याच्या बालपणीची उपेक्षा आणि त्याने सोसलेली हिंसा खटल्याच्या टप्प्यावरच न्यायालयापुढे यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला तो याच जाणिवेने. ही माहिती त्या एका माणसाची असते, त्याच्या जातीची नव्हे. दया आणि संशय यांतील फरक तिथेच आहे.

तुरुंगांच्या नियमावलींना हा फरक दीर्घकाळ उमगला नव्हता. रात्रीच्या पहाऱ्यावर कैदी नेमताना तो भटक्या जमातीचा नसावा, कारण पळून जाण्याकडे अशांचा स्वाभाविक ओढा असतो, अशा अर्थाचा नियम पश्चिम बंगालच्या नियमावलीत होता. अन्य काही राज्यांतही जमात पाहूनच कैद्याला सराईत ठरवणाऱ्या तरतुदी होत्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवून तीन महिन्यांत नियमावली सुधारण्यास राज्यांना फर्मावले. गुन्हेगार जमाती कायदा रद्द होऊन तोवर बहात्तर वर्षे झाली होती.