गणित जातीने येत नाही, सरावाने येते

पेठ वडगावच्या तरुण मित्रांनो, 'गणित आपल्या लोकांना जमत नाही' हे मनुवादी वाक्य तोंडीही आणू नका. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेब गणित सोडवायला फळ्याकडे निघाले, तेव्हा सवर्ण मुलांनी विटाळाच्या भीतीने फळ्यामागचे डबे हलवले. तरीही ते १९०७ साली मॅट्रिक झाले. आज फळा आपल्याला खुला आहे, मग गाइड पाठ कशाला करता? सोडवलेले उदाहरण वाचले की समजल्यासारखे वाटते. पुस्तक मिटून तेच पुन्हा करा. अडाल तिथून अभ्यास सुरू होतो. शिवाजी विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. चुकलेली गणिते दोन दिवसांनी परत करा. संध्याकाळी विहारात बसून एकमेकांना शिकवा. जयंतीच्या डीजेला वर्गणी काढता, तशी पुस्तकांसाठीही काढा. जय भीम!