मशीन लावण्याआधी तोल तपासला का?

फिजिओथेरपिस्टनी नावामागे 'डॉ.' लावावे की नाही, यावरून सप्टेंबर २०२५ मध्ये बराच वाद झाला. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ९ तारखेला मनाईचे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. या गडबडीत पेशंटच्या कामाचा प्रश्न बाजूला राहिला: उपचार सुरू करण्याआधी तुमची तपासणी कशी झाली?

भुसावळ रेल्वेचे गाव, निवृत्त मंडळी पुष्कळ. गुडघा किंवा कंबर धरली की ती 'शेक घ्यायला' जातात. दहा दिवस मशीन लावले, दुखणे कमी झाले, की उपचार संपला असे घरच्यांना वाटते. पण दुखऱ्या पायावर भार टाळण्याची सवय लागलेली असते, त्या पायाचे स्नायू अशक्त झालेले असतात. दुखणे थांबले तरी तोल जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार मृत्यू होतात.

चांगल्या तपासणीत तुम्हाला समोरून, बाजूने आणि मागून उभे पाहिले जाते: खांदे एका पातळीत आहेत का, पाठीला बाक किती आहे. मग खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. ज्येष्ठांना यासाठी १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका मानतात. वळताना पाय अडखळतात का, हेही पाहतात. माझ्या मते सेकंदांपेक्षा ते जास्त सांगून जाते. ही चाचणी घरी एकट्याने करू नका.

उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आडवे असताना आणि उभे राहिल्यावर बीपी मोजायला सांगा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पाणी कमी आणि बीपीची गोळी चालू, अशा वेळी दोष पायांचा नसतोच. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका.

पहिल्या दिवशीचे सेकंद फाइलवर लिहून घ्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजायला सांगा. आकडा सुधारला नसेल, तर व्यायाम बदलायला हवेत का, ते विचारा.

एक अपवाद. तोल अचानक गेला, सोबत तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हातातली ताकद गेली, तर फिजिओथेरपीची वेळ घेत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.