विजेची पाळी

पाटाच्या पाण्याला पाळी असते, हे प्रत्येक बागाइतदार जाणतो. वरच्याने पाळी मोडली, की शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही. विजेलाही अशीच पाळी हवी, ही गोष्ट मात्र गावोगाव अद्याप अंगवळणी पडलेली नाही.

पाणी धरणात साठविता येते. वीज मोठ्या प्रमाणावर साठविणे अजूनही खर्चाचे काम आहे. म्हणून जितकी वीज ज्या क्षणी वापरली जाते, तितकीच त्या क्षणी निर्माण व्हावी लागते. हा तोल राहिला, तर प्रवाहाची आवर्तने सेकंदास 50 च्या आसपास राहतात. मागणी वरचढ झाली की ती घटतात. 30 व 31 जुलै 2012 रोजी अतिभाराने मुख्य वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि उत्तर, पूर्व व ईशान्य भारताचा वीजपुरवठा कोलमडला.

एका घराच्या बटणाने काय होणार, असे कोणी म्हणेल. 5 एप्रिल 2020 रोजी रात्री 9 वाजता देशभर 9 मिनिटे घरचे दिवे मालविले गेले, तेव्हा मागणी सुमारे 31,000 मेगावॉटने उतरली. जलविद्युत केंद्रांची निर्मिती झपाट्याने कमीअधिक करून तोल सांभाळावा लागला. घराघरांतील बटणांचे सामर्थ्य एवढे आहे.

हाच नियम गावच्या रोहित्रालाही लागू आहे. सुरू होताना पंपाची मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. सर्व पंपांना ऑटो स्विच असले, तर गेलेली वीज येताच साऱ्या मोटरी एकदम सुरू होतात. रोहित्र जळते, आणि ऐन उन्हाळ्यात ज्याने ऑटो स्विच बसविलेला नाही त्याचाही ऊस वाळतो. तेव्हा ऑटो स्विच काढून टाकावा, मोटरी थोड्या थोड्या अंतराने सुरू कराव्यात आणि पंपाला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवावा.

सांप्रत दुपारी सौर वीज मुबलक असते. दिवेलागणीच्या वेळी ती संपते आणि त्याच वेळी मागणी चढते. म्हणून घरची गिरणी, इस्त्री व पाण्याची मोटर दिवसा चालवावी. 2005-06 च्या सुमारास अक्षय प्रकाश योजनेत महाराष्ट्रातील अनेक गावांनी संध्याकाळी पंप स्वेच्छेने बंद ठेवले व त्या बदल्यात घरचे दिवे राखले. ही शिस्त गावाने स्वतः ठरविली होती, म्हणूनच ती पाळली गेली.

मात्र संयम एकट्या शेतकऱ्याकडूनच मागणे न्याय्य नव्हे. शहरातील वातानुकूलन यंत्रांनाही तोच नियम हवा, आणि शेतीला दिवसा वीज देण्याचे वचन काटेकोरपणे पाळले जावयास हवे. रात्री वीज मिळणाऱ्या शेतकऱ्यास दिवसाची पाळी सांगणे व्यर्थ होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक रोहित्रावरील शेतकरी बांधवांची बैठक घेऊन मोटरींची पाळी लिहून काढावी. वरून लादलेल्या भारनियमनापेक्षा गावाने आपणहून घातलेला बांध अधिक टिकतो.