दोष गुळण्यांचा नव्हे

दाढ काढल्यावर टाका लवकर सुटला, तो औषधी गुळण्यांनी विरघळला, हे अकोल्याच्या वाचकाचे म्हणणे पटणारे नाही.

आधी दोरा कोणता ते पाहावे. जनावराच्या आतड्यापासून बनणारा साधा कॅटगट विकरांमुळे झिजतो. ७ ते १० दिवसांत त्याची ताकद ओसरते. पॉलिग्लॅक्टिन ९१० हा कृत्रिम दोरा ओलाव्याने हळूहळू तुटतो. शरीरात २ आठवड्यांनी त्याची सुमारे ७५ टक्के ताकद उरते. सतत लाळेत भिजणाऱ्या तोंडात हा हिशेब कमीच धरावा.

क्लोरहेक्सिडिनची औषधी गुळणी जंतू रोखते, दोरा विरघळवत नाही. पहिल्याच दिवशी जोराने चूळ भरली, तर मात्र रक्ताची गुठळी निसटू शकते.

अमरावती-अकोल्यात खरी काळजी खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची! गालात दाबलेली सुपारी टाक्यावर घासते, जीभही गाठीला सारखी चाळवते. सुटलेला धागा फेकू नये, दंतवैद्याला दाखवावा. विरघळला की गाठ सुटली, ते त्यांना ओळखता येते.