वनस्पतीचं म्हणून निर्धोक?

रात्री झोपताना चमचाभर चूर्ण, सकाळी पोट साफ. वर्षानुवर्षं चाललेल्या या क्रमाचं समर्थन ठरलेलं असतं: आयुर्वेदिकच आहे, अपाय कसला? हा युक्तिवाद मला मुळातच मान्य नाही. पोट साफ करणाऱ्या पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते. तिच्यातल्या द्रव्यांवर मोठ्या आतड्यातले जीवाणू प्रक्रिया करतात, त्यातून आतडं चेतवलं जातं आणि सहा ते बारा तासांत शौचाला होतं. डॉक्टर लिहून देतात त्या सेनोसाइडच्या गोळीतही हेच द्रव्य असतं. मग गोळीला मात्रा आणि मुदत असेल, तर चूर्णाला का नको? ते अति झालं, की जुलाबावाटे पाणी आणि पोटॅशियम निघून जातं. लघवीच्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्या हृदयरुग्णाच्या ते जिवावर बेतू शकतं.

सोनामुखी टाकून द्या, असं मात्र मी म्हणणार नाही. योग्य मात्रेत घेतली तरी आतडं कायमचं निकामी होतं, या भीतीला भक्कम पुरावा नाही. थोडे दिवस ती जरूर घ्यावी.

रोजच्या तक्रारीला इसबगोल बरा, पण तो नीट घ्यायला हवा. भरपूर पाण्यात कालवून लगेच प्यावा आणि वर आणखी पाणी घ्यावं. कमी पाण्यात तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकतो. गिळायला त्रास असलेल्यांनी तर घेऊच नये. परिणामाला एक ते तीन दिवस लागतात. एका रात्रीत गुण आला नाही म्हणून लोक तो सोडतात आणि पुन्हा चूर्णाकडे वळतात, हे पाहून वाईट वाटतं. लॅक्ट्युलोज हे दुसरं रेचक मलात पाणी धरून ठेवतं. ‘सवय लागेल’ या धास्तीने म्हाताऱ्या माणसांना त्यापासून वंचित ठेवणं अन्यायाचं आहे.

मुळात रोज शौचाला झालंच पाहिजे, असा नियम नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, हे सगळं स्वाभाविक असू शकतं. नव्याने कुंथावं लागत असेल, तर आधी चालू औषधं पाहावीत: लोहाच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं. थायरॉइडही तपासावं. मलातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल, तर रेचकात वेळ घालवू नये.

पोटात तीव्र कळा, उलट्या आणि वायूही सरत नसेल, तेव्हा एरंडेल पाजणं सर्वांत घातक. आतड्याला अडथळा असेल किंवा अपेंडिक्स सुजलेलं असेल, तर रेचकाने ते फुटण्याची भीती असते. अशा माणसाला तोंडाने काहीही न देता थेट रुग्णालयात न्यावं.